पापलेटचा क्रेट

पांढरी. किनार पांढरी आहे, सोनेरी नाही — आणि कम्प्युटरचं कार्ड मात्र पापलेटच्या क्रेटमध्ये, सगळ्यात वर, थाटात बसलेलं. हेमालीने ते उचललं, अंगठ्याने धूळ पुसली, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं... पांढरीच. सकाळपासूनचं हे सातवं.

समोर तात्या पुढची पाटी टेबलावर आपटून ऐकत होते. टिंग — म्हणजे हिरवी, चांगली. थप — म्हणजे तपकिरी, पुठ्ठ्याची. जुन्या कम्प्युटरमधल्या सर्किटच्या पाट्यांना सरावली गावातल्या ह्या भंगाराच्या शेडमध्ये तात्यांनी दिलेलीच नावं चालतात. सोन्याच्या किनारीची ती पापलेट, बिनसोन्याची हिरवी ती सुरमई, तपकिरी तो जवळा. बंदरावर मासळी निवडण्यात अर्धा जन्म गेला, आता भंगार निवडतात, पण हात तोच — उचलला, जोखला, टाकला.

मी आले तेव्हा, हेमालीला आठवलं, ह्याच टेबलाशी चार पाट्या चुकले होते आणि रागाने क्रेटला लाथ घातली होती. शाळेतही असंच, सरांच्या अंगावर वही फेकली आणि मग परत गेलेच नाही, ते वेगळं... तात्यांनी सांडलेलं भरलं, क्रेट सरळ केला, म्हणाले, "पाय बघ तुजा. क्रेटला काय नाय झाला." बस, एवढंच. त्या दिवशी आणखी दोन लाथा घालायच्या होत्या, त्या राहूनच गेल्या.

कानाला सगळं कळतं त्यांना. फक्त ही किनार — सोनेरी काय, पांढरी काय, बोटाला सारखीच लागते, आणि डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा उतरलाय. पालघरला फुकट ऑपरेशन होतं, मी स्वतः चौकशी करून आले, तर म्हणे, "डोल्यात सुरी घालतान. वादळात दर्यात गेलो मी, पन ते नाय." आता ह्या माणसावर ओरडायचं तरी कसं.

आणि शैलेशदादा, शेडचा मालक, सकाळीच सांगून गेलेला — गेल्या वेळचा माल मिक्स निघाला म्हणून गाडी परत आली, आज पाचला स्वतः क्रेट उलटे करून बघणार, ज्याच्या क्रेटमध्ये गडबड तो उद्यापासून मागे वायरी सोलायला. मागे म्हणजे पत्र्याखाली, एकटं. तिथे तात्या कोणाला पाट्या ऐकवणार?

चार वाजता बुधाच्या टपरीचा चहा आला. तात्यांना चहा उकळता लागतो. कोमट आला तर "हा काय पेज हाय?" म्हणून पोराबरोबर परत पाठवतात. ग्लास घेऊन ते नेहमीसारखे दारात गेले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. गेला महिनाभर क्रेट तळापर्यंत तपासायचा हाच हेमालीचा वेळ. ती वाकली, पापलेटचा क्रेट भराभर उपसायला लागली — आठवं, नववं — कसं दिसत नाही हो तुम्हाला, कसं — दहावं सुरमईत टाकताना जरा जोरातच आपटलं. चिडून. मग घाबरून दाराकडे पाहिलं.

तात्यांनी मान वळवली नाही.

अकरावं सापडलं. मग तळापर्यंत सगळं सोनेरी. ती हात झटकत दारापाशी गेली आणि तेव्हा तिला ग्लास दिसला. काठोकाठ भरलेला. वर जाड साय धरलेली, एक घोटही न घेतलेला.

"चहा गार झाला तुमचा."

"होऊं दे."

समोरून एक टेम्पो गेला. तात्यांनी ग्लास ह्या हातातून त्या हातात घेतला.

"अजून उभा ऱ्हाऊ काय?" ते म्हणाले. "का झाला तुजा?"

महिनाभर, रोज... तिला रागवायचं होतं, राग तिच्याजवळ नेहमी असतोच, पण आत्ता शोधला तर जागेवर नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "प्या आता."

तात्या साय बोटाने बाजूला करून, तोंड वाकडं न करता, सगळा चहा प्यायले. बाहेर शैलेशदादाची बाइक थांबली. हेमाली टेबलाशी परत आली, गोणीतून पुढची पाटी काढली, आणि का कोण जाणे, न बघता — डोळे घट्ट मिटून — टेबलावर हलकेच आपटली, आणि थांबली, आवाज पुरता विरेपर्यंत.