सावळीरामांच्या बोटांची अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना लाकडी टाईप आहे. म्हणजे छापखान्यात मोठी पोस्टरं छापायच्या, तुमच्या तळहाताएवढ्या लाकडी अक्षरांचा संच. मला नक्षी नाही, जाड-बारीक वळणं नाहीत. सरळ दांडे, कंपासानं काढल्यासारखे गोल, सगळीकडे सारखी जाडी.

१९७४ साली खंडेरावांनी मला पंचवटीतल्या आपल्या छापखान्यात आणलं. ओझरला विमानं बनत होती, सातपूरला कारखाने उभे राहत होते. नव्या जमान्याला नवी अक्षरं लागतील, असं त्यांना वाटलं. पण अक्षरं जुळवणारे सावळीराम मान हलवत म्हणाले, "मालक, हे तर यंत्राचे सुटे भाग दिसतात. कीर्तनाच्या पोस्टरला कोण घेणार?"

तसंच झालं. एका प्रदर्शनाची पोस्टरं तेवढी माझ्यात छापली. लोकांनी थांबून पाहिली, कौतुक केलं. त्यानंतर सात वर्षं माझा खण कोणी उघडला नाही. शेजारची शिशाची बारीक अक्षरं रोज कामाला जायची आणि शाईनं माखून परत यायची. मी अंधारात त्यांचा खणखणाट ऐकत राहायचो.

मग एका लग्नपत्रिकेत नवरदेव धोंडीरामचा 'घोंडीराम' झाला. मुलाकडचे लोक पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटून गेले.

"सावळीराम, इतकं दिसलं नाही तुम्हाला?" खंडेराव संतापले.

सावळीरामांनी एक पत्रिका उचलून डोळ्यांशी धरली. मग हळूच म्हणाले, "दोन वर्षं झाली मालक, नीट दिसत नाही. सवयीनं हात चालत होता."

"मग कसं ठेवू मी तुम्हाला कामावर?"

सावळीराम चाचपडत माझ्यापाशी आले. त्यांनी खण ओढला, डोळे मिटले आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. "हा क. हा ध, हा घ. मालक, ही अक्षरं बोटांना कळतात. मोठी पोस्टरं मला करू द्या."

खंडेरावांनी चष्मा काढून पुसला. "करा," म्हणाले.

पहिलंच काम डोळे तपासणी शिबिराचं आलं. पोस्टर भाजीबाजाराच्या भिंतीवर लागलं, तेव्हा सावळीराम मुद्दाम तिथं जाऊन उभे राहिले. परत आले ते हसतच. "एक म्हातारी लांबूनच वाचत होती मालक! म्हणाली, एवढं तर मलाबी दिसतंय."

त्या शिबिरात त्यांनीही डोळे दाखवले. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी पुढची चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. माझ्या आयुष्यातली तेवढीच वर्षं सोबतीची.

१९८५ साली त्यांची मुलगी त्यांना दिंडोरीला घेऊन गेली. जाण्यापूर्वी त्यांनी माझं प्रत्येक अक्षर पुसून जागच्या जागी ठेवलं. नंतर ऑफसेटचं यंत्र आलं, त्याला जुळवायची अक्षरं लागत नव्हती. शिशाची अक्षरं वितळवायला गेली. लाकूड कोणाला हवं होतं? मी एकटाच मागे राहिलो. परवा डगमगतं टेबल स्थिर करायला कोणीतरी माझा 'ठ' नेला आणि पायाखाली सारला.

मित्रांनो, थकलेल्या माणसाला घरी बसा म्हणण्याआधी त्याला काय जमतं, ते एकदा विचारा. आणि माझं एक काम करा. टेबलाखालचा तो 'ठ' काढून त्याच्या जागेवर ठेवा. सावळीराम कधी आलेच, तर जागा रिकामी लागून त्यांचं बोट अडखळायला नको.