ऐरण मुकी झाली तेव्हा

मी शब्दकोश करतो, आणि माझ्या खिडकीखाली लोहाराची भट्टी आहे. ‘ऐ’ची पाने तपासायला बसलो की खालून ठणठणाट सुरू होई. तीन वर्षे मी लोहाराशी वाद घातला. तो म्हणे, “मास्तर, तुमचे शब्द ऐकू येत नाहीत म्हणून आम्ही तक्रार करतो का?” युक्तिवाद सदोष होता, पण ठणठणाट चालूच राहिला.

अखेर कुठेसे वाचले, की ऐरणीच्या पोटाखाली जड लोहचुंबक लावला की तिचा नाद मरतो. एका सकाळी, भट्टी पेटण्यापूर्वी, जुन्या लाउडस्पीकरातला चुंबक काळा रंगवून मी तिथे चिकटवला. त्या दुपारी नुसती थपथप ऐकू आली. त्या शांततेत मी नोंद पुरी केली : ऐरण, संस्कृत अधिकरणी, प्राकृत अहिगरणी, जिच्यावर काही ठेवावे ती.

चौथ्या दिवशी खाली उतरलो, तर दारात भंगारवाल्याची हातगाडी.

“नाद गेला म्हणजे ऐरण आतून तडकली,” लोहार लेकीला सांगत होता. “उद्या कपची उडून डोळ्यात गेली तर? विकून टाकतो. तू नोकरी बघ.”

पुढल्या महिन्यापासून भट्टी तीच चालवणार होती. दोन वर्षे त्यासाठीच राबली होती. तिने बेअरिंगमधली पोलादी गोळी ऐरणीवर सोडली. गोळी टणकन उसळली.

“बघा बाबा! तडा असता तर मेल्यासारखी पडली असती.”

“गोळीचं मला सांगू नकोस. चाळीस वर्षं हे कान तिला ऐकतायत.”

कान खरेच सांगत होते, नाद गेलाच होता. पंचाईत तीच होती. भंगारवाल्याने दोर टाकला. आणखी पाच मिनिटे मी गप्प राहिलो असतो, तर जन्माची शांतता मिळाली असती. पण पोर तळहाताने ऐरणीवरची राख पुसत होती, निरोप द्यावा तशी.

“थांबा,” मी म्हणालो आणि गुडघे टेकले. चुंबक हलेना. शेवटी तिनेच छिन्नी घालून तो उचकटला, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि हातोडा हाणला.

ठण्ण! गल्लीच्या टोकाचा कुत्रासुद्धा उठून बसला.

“मास्तर,” लोहार म्हणाला, “एवढे शिकलात, आणि अक्कल?”

“काका अजून त्या पानापर्यंत पोचले नसतील,” लेक म्हणाली.

वस्तुतः ‘अ’ची पाने मी केव्हाच संपवली होती.

भंगारवाला रिकामी गाडी ढकलत, पुटपुटत गेला. लोहाराने आपला हातोडा लेकीपुढे धरला. “घे. आता तूच वाजव.”

तिने हातोडा घेतला. चुंबक माझ्या हाती दिला. “दुपारी दोन ते चार लावत जा, काका. पण चारच्या ठोक्याला काढायला यायचं. विसरलात तर मीच वर येईन, हातोडा घेऊन.”

आजवर एकदाही विसरलो नाही. हल्ली पावणेचारलाच जिना उतरतो.