सातशे चारमधला न दिसणारा

टिटवाळ्याच्या नव्या टॉवरमधल्या क्लबहाऊसबाहेर चपला ठेवायला जागा उरली नव्हती. अंकनाथ महाराज नुसत्या फ्लॅट नंबरावरून घरातली पीडा ओळखायचे, आणि अख्खी सोसायटी आपापली पीडा ओळखून घ्यायला नटूनथटून आली होती.

रसिकाला एका जागी बसवत नव्हतं. सातवा महिना, त्यात बीपी वाढलेलं. कल्याणच्या डॉक्टर मॅडमनी उद्या न चुकता बोलावलं होतं. उठून निघावं असं सारखं वाटत होतं, पण सासूबाईंनी, मालनताईंनी, तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"फ्लॅट नंबर?" महाराजांनी डोळे मिटूनच विचारलं.

"सातशे चार," मालनताई म्हणाल्या.

"दोनदा लिहा. एकदा राहणाऱ्याचा, एकदा न दिसणाऱ्याचा. झाले सात लाख चार हजार सातशे चार! आता भागा. सात जन्मांचे सात, अकरा रुद्रांचे अकरा, तेराव्याचे तेरा!"

रसिकाच्या नवऱ्याने, सहदेवने, फोनवर भागलं. तिन्ही वेळा पूर्ण भाग गेला आणि शेवटी स्क्रीनवर आलं ७०४. "अगं बाई!" हॉलभर कुजबुज उठली.

"फिरून आला!" महाराज गरजले. "तो घर सोडत नाही. सूनबाईंना आश्रमात आणा. बाळंतपणापर्यंत दवाखाना बंद, फक्त आमचं तीर्थ."

"आई, उद्या तपासणी आहे," रसिका म्हणाली.

"अगं, बाळापेक्षा तपासणी मोठी का?" मालनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सहदेव पुन्हा फोनवरचा आकडा बघू लागला.

आंबिवलीच्या शाळेत रसिका सहावीला गणित शिकवायची, तरी क्षणभर तिलाही ते खरं वाटलं होतं, आणि याचाच तिला संताप आला. एका उदाहरणावरून पोरांनी नियम सांगितला, तर आपण लाल पेनाने काट मारतो ना?

"महाराज, पाचशे एकवीस घेऊ?"

"कोणाचा फ्लॅट तो?"

"कोणाचाच नाही. पाचव्या मजल्यावर सहाच घरं आहेत. सहदेव, भाग रे."

त्याने भागलं. आलं ५२१.

"जे घर बांधलंच नाही, त्यातही तो राहतो?"

कोणीतरी फिसकन हसलं. शेजारची दिशा ओरडली, "अरे, माझा पण परत आला!" मग जो तो आपला फोन काढून भागत सुटला.

"सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार एक हजार एक," रसिका म्हणाली. "तीन आकडी नंबर दोनदा लिहिला की तो एक हजार एकनेच गुणला जातो. आधी गुणायला लावलं, मग तेवढ्यानेच भागायला लावलं. परत येणार नाही तर जाणार कुठे?"

महाराज अश्रद्धांच्या शापाबद्दल काहीतरी पुटपुटत झोळी आवरू लागले.

"पण बाळाला काही झालं तर गं?" मालनताईंचा आवाज अजून कापत होता.

"म्हणूनच तर तपासायचं, आई. भीती वाटली की तपासून बघायचं, बाकी काही नाही."

मालनताईंनी डोळे पुसले. "उद्या मीपण येते. काय ते मॅडमलाच विचारीन."