तांदळातलं नाव

“अष्टकं आहेत की पारायण? अक्षतांचा भात व्हायला आला हातात,” बाळकृष्णकाका माझ्या कानामागे पुटपुटले.

माझ्या लेकीचं, मोहनाचं लग्न, तरसालीतला हॉल, आणि मंगलाष्टकं मीच रचलेली. इथे गुजरातेत, दांडिया बाजारातल्या निम्म्या मराठी लग्नांत माझीच म्हणतात. शिकले कुठे म्हणाल, तर ओट्याशी, बोटांवर अक्षरं मोजत. घरच्या वडीलधाऱ्यांची नावं त्यात गुंफायची, ही आमच्याकडची रीत.

अडचण होती ती माझ्या आईच्या नावाची. आई नडियादची गुजराती, माहेरची कोकिळा. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘अहल्या’ लिहिलं. नाव सुचवलं होतं काकांनी, तिच्या धाकट्या दिरांनी. त्यानंतर ती इतकी मराठी झाली की रावपुऱ्यातल्या बायका तिच्याकडे उकडीचे मोदक शिकायला येत. फक्त कुकरच्या शिट्ट्या ती एक, बे, त्रण अशा मोजायची, आणि आम्ही सगळे ऐकू न आल्यासारखं करायचो.

मोहनाने हट्टच धरला होता, आजीचं खरं नाव आलं नाही तर मी अंतरपाटामागे उभीच राहणार नाही. काकांनी बजावलं होतं, भर मांडवात जुनं उकरू नकोस. आईला विचारलं, तर “रहेवा दे” म्हणून ती भाजी निवडत राहिली. मग मी शेवटच्या कडव्याच्या दोन ओळी मराठीत लिहिल्या, दोन गुजरातीत, चाल तीच. गुजराती ओळींचा कागद सकाळी तिच्या बटव्यात सरकवला. ती म्हणेल की नाही, देव जाणे.

आता माइकवर माझ्या दोन ओळी संपत आल्या. आवाज चिरकला, पण सोडलं नाही:

जी माहेर जपे मनात हसुनी, आजी तुझी कोकिळा

सगळ्या माना आईकडे वळल्या. आई उठली, गुडघा धरत माइकपाशी आली. बटव्याला तिने हातसुद्धा लावला नाही. ओळी पाठ होत्या. पन्नास वर्षांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तिच्या पाठोपाठ ‘सावधान’ला अख्ख्या हॉलने असा सूर लावला की बाहेरच्या बँडवाल्यांनी घाईघाईत दोनदा वाजवलं. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, मोहना रडत हसत होती.

काकांची मूठ मात्र मिटलेलीच. ते सावकाश आईसमोर आले आणि त्यांनी सगळ्या अक्षता तिच्या ओंजळीत ओतल्या.

“वहिनी, तुमचं नाव मी बदलायला लावलं. घरात गुजराती सून आली याची आम्हाला लाज वाटत होती, कोकिळावहिनी.”