बुटांशिवाय आलेला भाचा

मला कोणी फसवू शकत नाही. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, मला पगारच त्याचा मिळतो. मस्कतमध्ये अझैबातल्या एका हॉटेलात येणारा सगळा माल मी उतरवून घेतो. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर लालबुंद असतो आणि तळाशी चिखल, म्हणून मी क्रेट उलटा करूनच बघतो. सुरमईचे कल्ले उघडतो, गोठवलेल्या कोंबडीच्या खोक्यात थर्मामीटर खुपसतो. ड्रायव्हर लोक पाठीमागे शिव्या घालतात. घालू देत. एकोणीस वर्षांत माझ्या सहीनं खराब माल आत गेलेला नाही.

त्यामुळे फेब्रुवारीत इव्हॉनचा फोन आला तेव्हाच माझे कान टवकारले. इव्हॉन माझी धाकटी बहीण, इंग्लंडला नर्स आहे. तिनं आधी माझ्या बायकोची, नूतनची चौकशी केली, मग मस्कतच्या हवेची, मग मासळीच्या भावाची, आणि मग हळूच म्हणाली, "दादा, डॅरेलला तीन आठवडे तुझ्याकडे पाठवू का? क्लबनं त्याला जरा ब्रेक दिलाय."

ब्रेक! भर फेब्रुवारीत!

डॅरेल तिचा मुलगा, सोळा वर्षांचा. आठव्या वर्षापासून तो तिथल्या एका फुटबॉल क्लबच्या अकादमीत. क्लबचं नाव घेतलं तर तुम्ही म्हणाल, कॉस्मास फेकतोय, एवढा मोठा क्लब. त्या क्लबनं आठ वर्षांत ह्या पोराला एकाही नाताळला गावी येऊ दिलं नव्हतं. आमची आई वारली तेव्हाही ह्याची कुठलीशी स्पर्धा होती. इव्हॉन एकटीच आली, आणि मयताला आलेले लोक आईबद्दल कमी अन् डॅरेलबद्दल जास्त विचारत होते. वसईत आमच्या गिरीजच्या नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला होता, 'गावचा अभिमान'. मीही काही मागे नव्हतो. शुक्रवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात निम्म्या मस्कतला मी त्याचे व्हिडिओ दाखवले होते. असा क्लब भर हंगामात पोराला तीन आठवडे मामाकडे सोडतो? पाणी कुठंतरी मुरत होतं.

"पाठव की," मी म्हणालो. माल हातात आल्याशिवाय तपासता येत नाही.

तेवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण माझी जीभ. आमच्या अल हैलमध्ये तय्यब म्हणून दापोलीचा एक माणूस आहे, त्याची लाँड्री आहे, आणि दरवर्षी तो आपल्या लोकांच्या मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरवतो. शर्ट आणायला गेलो आणि त्याला सांगून बसलो. दोन तासांत डॅरेल प्रमुख पाहुणा झाला. बक्षिसं त्याच्या हस्ते, शुक्रवारची तारीख पक्की, बॅनर छापायला गेला. आता पोरात काही खोट निघाली असती, तर त्या शुक्रवारी सगळ्या लोकांसमोर माझं नाक कापलं जाणार होतं. दुसऱ्याचा माल परत पाठवणाऱ्या कॉस्मासनं स्वतःच्या घरचा माल न बघता मिरवला, असं झालं असतं.

डॅरेल आला. उंच, शिडशिडीत, बोलायला इतका अदबशीर की मला तेही खटकलं. ताट उचलून सिंकमध्ये ठेवायचा, नूतनला "थँक यू मामी" म्हणायचा. हातात एक छोटी बॅग, बस्स.

पहिल्या दोन दिवसांत मी बरंच टिपलं. पूर्वी व्हिडिओ कॉलवर हा पोरगा भातसुद्धा मोजून खायचा. आता माझी तेरा वर्षांची मेरिल त्याला कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे न्यायची आणि दोघं चीज अन् चिप्स कोंबलेला पराठा हाणून यायचे. सकाळी पळायला जाणं नाही, व्यायाम नाही, नऊपर्यंत झोप. फोन वाजला की बघायचा आणि उलटा करून ठेवायचा. आणि बाथरूममध्ये गेला की वीस-वीस मिनिटं नळ सोडून बसायचा. मी एकदा त्याच्यामागून आत जाऊन वास घेतला. सिगारेटचा नव्हता. साबणाचाच होता. पण साबणानं काहीही झाकता येतं.

तिसऱ्या दिवशी तो मेरिलबरोबर खाली गेला तेव्हा मी त्याची बॅग उघडली. वर नीट घड्या घातलेले कपडे. मी तळापर्यंत गेलो. क्लबचा शर्ट नाही, जाकीट नाही, आणि बूट नाहीत. सुतार एक वेळ रंधा विसरेल, पण आठ वर्षं ज्यानं बुटांशिवाय दुसरं काही केलं नाही, तो बुटांशिवाय येतो?

"कॉस्मास, लाज नाही वाटत तुला?" दारात नूतन उभी होती. "पाहुण्या पोराची बॅग उचकतोस?"

"बूट कुठं आहेत ते विचार त्याला."

"नसतील आणले. सुट्टीवर आलाय तो. तू सुट्टीवर गेलास की थर्मामीटर घेऊन जातोस का?"

नूतनशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी रात्रीच्या जेवणाआधीच क्लबच्या वेबसाइटवर गेलो. सोळाव्या वर्षी हे क्लब ठरवतात, कोणाला पुढं ठेवायचं. जानेवारीत त्यांनी ठेवलेल्या मुलांचा फोटो टाकला होता, खाली नावं. बारा पोरं. मी डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली. आमचं पोरगं त्यात नव्हतं.

म्हणजे काढलं होतं. आणि इव्हॉन माझ्याशी सरळ खोटं बोलली होती. पण मला त्याहून मोठा प्रश्न पडला. मी एकोणीस वर्षांत परत पाठवलेल्या प्रत्येक खोक्याला काहीतरी कारण होतं, आणि ते मी पावतीवर लिहिलेलं आहे. आठ वर्षं शिकवलेल्या, वाढवलेल्या पोराला एवढा मोठा क्लब उगाच हाकलत नाही. मग ह्यानं काय केलं? चोरी? नशा? सट्टा? कुणा पोरीचं काही? आणि असा मुलगा माझ्या घरात, माझ्या मेरिलबरोबर, रोज पाचच्या सुमारास फिरायला म्हणून जातो आणि अंधार पडता पडता केसांत वाळू घेऊन परत येतो!

"मेरिलला त्याच्याबरोबर पाठवू नकोस," मी नूतनला म्हणालो.

"का?"

"सांगतोय म्हणून," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात किडे पडलेत," आणि कणीक मळायला लागली.

गुरुवारी मी ड्युटीवरून लवकर निघालो आणि त्यांच्यामागून समुद्रावर गेलो. गाडी लांब लावली, चपला हातात घेतल्या. पन्नाशीचा माणूस, पण चोरासारखा भिंतीच्या कडेनं चाललो होतो.

तिथं वाळूवर दहा-बारा पोरं खेळत होती. बरीचशी ओमानी, पायघोळ झग्यासारखे दिशदाशा कंबरेला खोचलेले, दोन-तीन आपल्याकडची, आणि मेरिल. त्यांच्यात डॅरेल, अनवाणी. एका चिमुरड्यानं त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला तसा तो मुद्दाम धाडकन पडला आणि खदखदून हसला. आमच्याकडे आल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण उद्यावर शुक्रवार आला होता, आणि मला खरं काय ते हवं होतं.

"मेरिल, घरी चल!" मी ओरडलो. खेळ थांबला. मेरिल लाल झाली आणि जागची हलली नाही. डॅरेल तोंड पुसत माझ्याकडे आला. मी त्याला बाजूला घेतलं.

"तुझं नाव यादीत नाही. मी बघितलंय. आता खरं सांग, तू काय केलंस?"

त्यानं हातावरची वाळू झटकली. मग जरासा हसला, पण मघाचं हसणं वेगळं होतं.

"मम्मी बोलली होती. मामाला कळलं तर तो फर्स्ट थिंग हेच विचारणार."

"काय?"

"काय केलंस ते." त्याचं मराठी अडखळत येतं, शब्द शोधत तो थांबत थांबत बोलला. "मामा, मी काय नाय केलं. डिसेंबरमध्ये आम्हाला ऑफिसमध्ये बोलावलं, मला आणि मम्मी-डॅडला. ते बोलले, लव्हली लॅड, वेल बिहेव्ड, पण आमच्या लेव्हलचा नाय. टेन मिनिट्स. मग शेकहँड केला."

"आठ वर्षांनंतर? काही कारण न देता?"

"आय वॉज नॉट गुड इनफ. ते कारण नाय का?"

खरं सांगतो, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं, की आणखी काहीतरी असणार. तळाशी काहीतरी असतंच. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"घरी कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"नानांना. मोठ्या मावशीला. सगळ्यांना. तुलाच नव्हतं माहीत." नाना म्हणजे माझे वडील. दर रविवारी ते माझ्याशी अर्धा तास बोलतात, आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. "सगळे मला रोज व्हॉइस नोट पाठवतात, डोन्ट वरी बेटा, गॉड हॅज अ प्लॅन. डॅड तर माझ्याकडे बघतपण नाय, रडायला येतं त्याला. मग मीच मम्मीला बोललो, मामाला सांगू नको. मला मामाकडे जायचंय. वन हाऊस, जिथं मी अजून प्लेअर आहे." तो वाळूकडे बघून बोलत होता. "पण तू पहिल्या दिवसापासून मला चेक करतोस. बॅग पण ओपन केलीस. मला कळलं. अकादमीत शिकवतात, आमच्या घड्या वेगळ्या असतात."

मला लाज वाटली. स्पष्टच सांगतो, एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. बाथरूममधला तो नळ कशासाठी सुरू असायचा, हेही तेव्हा कळलं. मी सॉरी म्हणालो. इंग्रजी शब्द तोंडातून पटकन निघतो, मराठीत मला तो सापडलाच नसता. "तय्यबला सांगून उद्याचं रद्द करतो," मी म्हणालो. "तब्येत बरी नाही म्हणून सांगतो."

"नको. छोटी मुलं वाट बघतात. मी येतो," तो म्हणाला, आणि पुन्हा खेळायला गेला.

शुक्रवारी मैदान भरलं होतं. रत्नागिरीचे, रायगडचे, वसईचे, सगळे आपले लोक, खुर्च्यांवर बायका, थर्मासमधला चहा. मागे बॅनर, 'इंग्लंडच्या मैदानावरचा आपला तारा'. तय्यबनं माईकवर एवढी स्तुती केली की माझीच मान खाली गेली. बक्षिसं झाली. मग एका छोट्यानं हात वर केला आणि विचारलं, "भैया, तुम्ही टीव्हीवर कधी दिसणार?"

डॅरेलनं माईक घेतला. साध्या इंग्रजीत, सगळ्या मुलांना कळेल असं तो म्हणाला, की मी तिथं आठ वर्षं खेळलो, खूप मजा आली, पण डिसेंबरमध्ये त्यांनी मला सांगितलं की तू तेवढा चांगला नाहीस. आता मी छोटा क्लब शोधतोय.

मग तोच छोटा म्हणाला, "ओके. आमच्याबरोबर खेळणार?" आणि सगळी त्याला ओढत मैदानात घेऊन गेली. मुलांचा प्रश्न मिटला होता. मला केवढं हायसं वाटलं! एवढंच होतं तर, मी म्हटलं. एवढं सोपं होतं.

मग माझ्या लक्षात आलं, खुर्च्यांवर कोणी बोलत नव्हतं.

तय्यब माझ्या कानाशी वाकला. "कॉस्मासभाई, पोरानं केलंन काय?"

"काही नाही केलं."

"मला सांगा हो, मी कुठं बोलणार नाही. आठ सालके बाद ऐसे थोडेच निकालते हैं."

"तय्यब, काहीही केलेलं नाही त्यानं. फक्त त्यांना हवा तेवढा चांगला खेळत नव्हता. बस्स." माझा आवाज चढला. दोन-चार माना वळल्या.

तय्यबनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. ती नजर मी ओळखतो, रोज सकाळी मालाच्या दारात मी तीच लावून उभा असतो. मग त्यानं माझा खांदा दाबला. "समजलं. घरची बात आहे. मी नाही विचारत."

"अरे, पण घरची बात नाहीच आहे!"

"खलास, कॉस्मासभाई. खलास." आणि तो उठून मैदानाच्या कडेला गेला. "नूरैन!" त्यानं आपल्या मुलीला हाक मारली. "इकडे ये. पाणी पी."

"मला तहान नाही, अब्बा."

"ये म्हटलं ना."

काल समुद्रावर मीही मेरिलला अशीच हाक मारली होती. नूरैन पाय ओढत आली. तिच्यामागून कोणीतरी आपल्या मुलाला बोलावलं, मग आणखी कोणीतरी दोघांना. मी उभा राहून सांगत होतो, अहो, खरंच काही केलेलं नाही त्यानं, शपथ घेऊन सांगतो. लोक मान डोलवत होते. माझ्यासारख्या माणसानं शपथ घेतली म्हणजे प्रकरण मोठं असणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मैदानात मेरिल आणि दोन-तीन पोरं उरली. डॅरेल बॉलवर पाय ठेवून थांबला होता. रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे त्यानं एकदा पाहिलं. मुलांना बोलावून घेणाऱ्या एकाही आईबापाकडे त्यानं पाहिलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.