दात लावा, मग भांडा

मी कवळी बोलतेय. हसू नका, दात काढायचं काम माझं आहे! खिडकीतल्या पेल्यात बसलेय आणि जीव नुसता टांगणीला लागलाय. दारात गाडी उभी आहे आणि आमचे फौजी मला न घेताच शेवटच्या प्रवासाला निघालेत.

त्यांचे पुढचे दोन दात लढाईत गेले. पाहुणे डोळे मोठे करून विचारायचे, "गोळी लागली?" फौजी म्हणायचे, "छे हो! गोळ्या चुकवल्या, पण ते दगडासारखं सरकारी बिस्किट काही चुकवता आलं नाही." उरलेले म्हातारपणाने नेले, तेव्हा दातांच्या डॉक्टरने मला घडवलं. पहिल्या दिवशी मी अशी टोचले की पलटणीतल्या सगळ्या शिव्या मला ऐकाव्या लागल्या. मग जमलं आमचं.

फौजींची एक भलतीच रीत होती. भांडायचं झालं की आधी मला काढून पेल्यात टाकायचे. म्हणायचे, "हत्यार खाली ठेवून भांडलं की कुणी जखमी होत नाही." मग बोळक्या तोंडाने असे गरजायचे की एक अक्षर कळेल तर शपथ! नातवंडं पोट धरून हसायची. त्यांची बायको, म्हणजे आजी, कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आधी दात लावा, मग भांडा!" मला लावेपर्यंत रागाचा पत्ता नसायचा.

काल संध्याकाळीही तेच झालं. "छातीत दुखतंय ना, मग चला डॉक्टरकडे," आजी म्हणाली. फौजींनी मला पेल्यात टाकलं आणि गरजले. या वेळी आजीही चिडली. "राहा तसेच!" म्हणून आत निघून गेली. पहाटे फौजी झोपेतच गेले. भांडण राहिलं ते राहिलंच.

आता थोरला मुलगा सगळ्यांना घाई करतोय. मी केव्हाची ओरडतेय, पण तोंडावाचून दातांचं ऐकतंय कोण?

"थांबा!" आजी आलीच. "दातांशिवाय हे कधी पोस्टमनसमोरही गेले नाहीत."

"आई, आता काय फरक पडतो गं?"

"तुला नसेल पडत. मला पडतो."

तिने मला रुमालाने पुसलं आणि माझ्या जागी बसवलं. मग त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "लावले दात. भांडा आता."

मी तोंडात असूनही फौजी गप्प राहिले. असं पहिल्यांदाच झालं.

बरंय, निघते मी. यांची काळजी नको, मी आहे सोबत. तेवढं आजीशी मात्र अधूनमधून कुणीतरी भांडत जा रे!