बाहेरच्या भिंती

सोसायटीत कॅमेरे बसले त्या आठवड्यात आमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती दिसेनाशा झाल्या. आतून त्या होत्या तशाच होत्या, रंगासकट, कॅलेंडरसकट. फक्त खालून पाहणाऱ्याच्या आड काही येत नव्हतं.

मला हे लिफ्टमध्ये कळलं. खालच्या मजल्यावरच्या कोठावळ्यांनी, मी आता नवे बनियन घ्यायला हवेत, असं सहज सुचवलं. मी सेक्रेटरी धारणकरांकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि समजावलं की गेटवरचा कॅमेरा तुमच्याच बाजूला तोंड करून आहे, त्याला भिंतींची अडचण होत होती.

"वहिनींना सांगितलंत का?" त्यांनी विचारलं.

"सांगतो."

सांगितलं नाही. वृंदाला हे कोणत्या शब्दांत सांगायचं तेच कळेना. मी तिला कपडे बाथरूममध्येच बदलायला सांगू लागलो. जेवताना पार्किंगकडे पाठ करून तिच्यासमोर बसू लागलो. स्वतः घरातही शर्ट-पँटमध्ये ताठ वावरायचो.

"पाहुण्यासारखा काय वागतोस?" ती म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

रविवारी दुपारी दूध आणायला उतरलो. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि लोक वर बघत शेंगा सोलत होते. कोठावळ्यांनी सरकून मला जागा दिली.

वर आमच्या स्वयंपाकघरात वृंदा फरशीवर बसली होती. ओढणी तोंडात धरून रडत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही बाहेर पडलात की रोज बसतात अशा," कोठावळेबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं."

"माहीत आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या ओंजळीत शेंगा दिल्या. जिना समोरच होता. पण मी वर गेलो असतो तर तिने रडणं थांबवलं असतं, चहा टाकू का विचारलं असतं आणि मला पुन्हा काहीच कळलं नसतं. मी बसून राहिलो. कान तापले होते.

थोड्या वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि हॉलमधल्या आरशासमोर आली. आरसाही भिंतीबरोबर गेलेला होता, त्यामुळे ती सरळ आमच्याकडेच बघत होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला तेही जमलं नाही. तिने कपाळावरची टिकली काढून आरशावर चिकटवली आणि आत निघून गेली.

टिकली तिथेच राहिली, पार्किंगच्या वर, हवेत.